मरीन टँकमधल्या फॉस्फेटच्या आकड्यावर भरवसा बसत नसेल तर काय काय तपासायचं

लक्षणं

टेस्ट ०.०० दाखवते, पण काच दर दोन दिवसांनी हिरवी होते आणि खडकावरचं केसाळ शेवाळ हटायचं नाव घेत नाही. त्याच पाण्याची लागोपाठ दोनदा टेस्ट केली तर एकदा ०.०२ येतं, एकदा ०.०९. रंग जुळवायचं किट फिकट निळं दाखवतं आणि मीटर भलताच आकडा. सोमवारी ०.०३, गुरुवारी ०.१२, आणि मध्ये तुम्ही काहीच बदललेलं नाही. फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे, म्हणजे जीएफओ, टाकले की आकडा खाली येतो आणि आठवड्याभरात पुन्हा जागेवर. किंवा नेमकं उलट: आकडा शून्यावर टेकलाय, कोरल फिकुटलीत आणि वाळूवर बुडबुडे धरलेल्या तपकिरी, चिकट तारा दिसतायत.

मरीन टँकची देखभाल हे माझं रोजचं काम आहे, आणि या तक्रारी वर्षभर येतच असतात. फोन येतो तेव्हा बऱ्याच जणांनी जीएफओचा डबा आधीच आणून ठेवलेला असतो. तो उघडायच्या आधी आकडा खरा आहे का ते बघा. फॉस्फेट थोडं जास्त असल्याने कोरल एका रात्रीत मरत नाही, पण चुकीच्या आकड्यावर विसंबून फॉस्फेट एकदम शून्यावर आणलं तर मरू शकतं.

मोजायची गोष्ट किती बारीक आहे तेही लक्षात घ्या. रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल ठेवलेल्या टँकमध्ये, आपण साधारण ०.०३ ते ०.१ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) फॉस्फेट ठेवायला बघतो. २०० लिटर पाण्यात ०.०३ पीपीएम म्हणजे सगळ्या टँकमध्ये मिळून ६ मिलिग्रॅम. टेस्टच्या १० मिलिलिटर पाण्यात ते मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतं. इतक्या कमी मापात बोटाचा ठसा, साबणाचा अंश, टेस्टच्या पुडीत राहिलेली चिमूटभर पावडर यातलं काहीही आकडा बदलू शकतं.

१. एकक बघा (खर्च शून्य)

काही मीटर फॉस्फेट दाखवतात, काही फॉस्फरस. हॅना कंपनीचा एचआय ७१३ आणि एचआय ७७४ थेट फॉस्फेट पीपीएममध्ये देतात. एचआय ७३६ मात्र फॉस्फरस देतो, तोही पीपीबीमध्ये, म्हणजे पीपीएमच्या हजाराव्या भागात. त्या आकड्याला ३.०६६ ने गुणायचं आणि हजाराने भागायचं, मग फॉस्फेटचा पीपीएम आकडा मिळतो. मीटरवर २० दिसलं की बरेच जण ०.०२ समजून निर्धास्त होतात. खरं फॉस्फेट ०.०६ असतं. दोन मित्रांचे आकडे जुळत नसतील तर दोघांच्या मीटरचे मॉडेल नंबर आधी विचारा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

२. मीटरची स्वतःची चूक किती ते बघा (खर्च शून्य)

एचआय ७१३ ची अचूकता कंपनीनेच अधिक-उणे ०.०४ पीपीएम आणि वर रीडिंगच्या ४ टक्के अशी दिलेली आहे. म्हणजे पाण्यात खरोखर ०.०४ असेल तर मीटर ०.०० दाखवेल किंवा ०.०८ दाखवेल, आणि दोन्ही वेळा तो त्याच्या मर्यादेतच असेल. ०.०२ वरून ०.०७ झालं म्हणून घाबरून काही टाकण्यात अर्थ नाही. एचआय ७७४ ची चूक अधिक-उणे ०.०२ आणि ५ टक्के आहे, एचआय ७३६ ची ५ पीपीबी फॉस्फरस, म्हणजे फॉस्फेटमध्ये सुमारे ०.०१५. नवीन मीटर घेणार असाल तर या दोनपैकी एक घ्या. रंग जुळवायच्या किटने ०.०३ आणि ०.०६ यांतला फरक डोळ्याला सांगता येत नाही, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली तर नाहीच.

एकाच वेळी तीन टेस्ट करा आणि मधला आकडा धरा. पुड्या महाग आहेत, मान्य. म्हणून रोज नको, आठवड्यातून एकदा करा. पण त्या दिवशी तीन करा.

३. कुपी (खर्च शून्य, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच)

फॉस्फेट टेस्टचं रसायनशास्त्र १९६२ साली मर्फी आणि रायली यांनी मांडलेल्या पद्धतीवर उभं आहे. आम्लात मॉलिब्डेट आणि फॉस्फेट एकत्र येतात, ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे आपलं व्हिटॅमिन सी, त्यांचा निळा रंग करतं, आणि त्या निळेपणावरून प्रमाण ठरतं. समुद्राचं पाणी तपासणारे शास्त्रज्ञही मुळात याच निळ्या रंगावर काम करतात. मीटर टेस्टचं पाणी भरलेल्या कुपीतून उजेड आरपार सोडतो आणि किती पोचला ते मोजतो. त्यामुळे वाटेत अडवणारी प्रत्येक गोष्ट त्याला फॉस्फेटच वाटते.

कुपी खिडकीसमोर आडवी धरून बघा. वापरलेल्या कुपीच्या आतल्या भिंतीला बारीक निळसर थर धरलेला असतो, तो असा तिरप्या उजेडातच दिसतो. बाहेरून वाळलेल्या मिठाचे पांढरे ठिपके असतात, तळाशी ओरखडे. थर असेल तर कुपी रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, सकाळी आरओ-डीआयच्या, म्हणजे आरओनंतर डीआय रेझिनमधूनही काढून शुद्ध केलेल्या, पाण्याने चार-पाच वेळा खळबळा आणि उलटी ठेवून वाळवा. भांड्यांचा साबण किंवा पावडर कुपीला लावायची नाही, काही धुण्याच्या पावडरींमध्ये फॉस्फेटच असतं. ओरखडे पडलेली कुपी बाद करा.

टेस्टच्या वेळी:

- कुपी टँकच्याच पाण्याने दोनदा विसळा, मग नमुना भरा.
- बाहेरून सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने पुसा आणि नंतर फक्त झाकणाला धरा.
- पावडर घालण्याआधी मीटर शून्य करायला आणि नंतर मोजायला शक्यतो एकच कुपी वापरा, आणि कुपीवरची खूण दोन्ही वेळा एकाच दिशेला ठेवा.
- एसीच्या खोलीत थंड झालेली कुपी दमट हवेत आणली की तिच्यावर बाष्प धरतं. पावसाळ्यात हे फार होतं. पुसून लगेच मोजा.

कुपी जागेवर असताना ती फक्त फिरवून तीन-चार रीडिंग घ्या. आकडा ०.०३ ने हलत असेल तर दोष कुपीतच आहे.

४. नमुना कधी आणि कुठून घेता

खायला घातल्यावर तासाभरात घेतलेला नमुना आणि सकाळी दिवे लागण्याआधीचा नमुना यांची तुलनाच होत नाही. वेळ एकच ठरवा, मी सकाळची, खाणं घालण्याआधीची सांगतो. जीएफओ भरून पाणी फिरवायच्या नळीच्या, म्हणजे रिॲक्टरच्या, तोंडाशी नमुना घेऊ नका. त्यातून लालसर भुकटी येत असेल तर ती टेस्टच्या आम्लात विरघळते, तिने धरून ठेवलेलं फॉस्फेट बाहेर पडतं आणि वर पाणीही गढूळ होतं. काच खरवडल्यावर लगेचही नमुना नको. शेवाळाचे कण तरंगत असतात. शंका असेल तर ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळून एक टेस्ट करा. गाळलेल्या पाण्यात आकडा बराच उतरला तर तुम्ही कण मोजत होता.

१० मिलिलिटर सिरिंजनेच मोजा, कुपीवरच्या रेषेवर अंदाजाने नको.

५. पावडर आणि वेळ

पुडीचा कोपरा नाही, एक अख्खी कड कापा. आतल्या घडीत पावडर अडकून राहते आणि आकडा कमी येतो, म्हणून रिकामी पुडी टिचकी मारून उजेडात बघा. मग झाकण लावून साधारण दोन मिनिटं हळूवार हलवा. जोरात हलवलंत तर बुडबुडे धरतात आणि प्रत्येक बुडबुडा आकडा वाढवतो. कुपी टेबलावर हलकेच आपटली की बुडबुडे वर येतात.

निळा रंग लगेच पूर्ण होत नाही, तो चढत जातो. या मीटरमध्ये बटण दाबून धरलं की तीन मिनिटांची उलट गणती सुरू होते, ती सोडून चालणार नाही. घाईने आधीच रीडिंग घेतलं तर कमी येतं, फोनवर बोलत राहून दहा मिनिटांनी घेतलं तर जास्त येऊ शकतं. रोज आकडा वेगळा येण्याचं कारण बरेचदा फक्त हेच असतं. मोबाइलवर टायमर लावा.

६. पुड्यांची तारीख, बॅटरी

कोकण किनाऱ्याच्या, मुंबईच्या हवेत जूननंतर पावडरीत गुठळ्या होतात. बाटलीतली पावडर वापरणाऱ्या किटमध्ये तर होतातच. गुठळी झाली की चमच्यात पावडर सारखी भरत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी घालून किट ठेवा. मुदत संपलेली पुडी वापरू नका. मीटरमध्ये एक एएए बॅटरी असते, ती वीस-पंचवीस रुपयांत बदलून होते, म्हणून संशय असला तर बदलूनच टाका.

७. पूर्ण टेस्टचीच परीक्षा घ्या

इथे थोडं काम आहे, पण एकदा केलंत की वर्षभर शंका उरत नाही.

आधी शून्याची बाजू. टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, ० असलेलं ताजं आरओ-डीआय पाणी घ्या आणि त्याची टेस्ट करा. मीटरच्या चुकीच्या मर्यादेपेक्षा जास्त आकडा आला तर कुपी, पावडर किंवा ते पाणी यांपैकी एक घाण आहे. बाजारातलं इंजेक्शनसाठीचं निर्जंतुक पाणी मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतं. तेही तपासा, म्हणजे तुमच्या आरओ-डीआयला वगळता येईल.

मग वरची बाजू. कंपनीचं प्रमाणित द्रावण मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर कृषी सेवा केंद्रात जा आणि ०:५२:३४ मागा. द्राक्षवाले आणि डाळिंबवाले जे विद्राव्य खत वापरतात ते हेच, म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. या क्षाराचं १.४३ ग्रॅम १ लिटर आरओ-डीआय पाण्यात विरघळवलं की १००० पीपीएम फॉस्फेटचं द्रावण होतं. ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनाराचा छोटा काटा पुरतो. खत कोरडं, मोकळं हवं. ओल लागून दगड झालेलं खत वजनात फसवतं.

या द्रावणातलं १० मिलिलिटर घेऊन पाणी घालत १ लिटर करा. हे १० पीपीएम झालं. आता टँकचं ९८० मिलिलिटर पाणी घ्या आणि त्यात या दुसऱ्या द्रावणाचं २० मिलिलिटर मिसळा. त्या पाण्यात ०.२ पीपीएमची भर पडली. टँकच्या साध्या पाण्याची टेस्ट करा, मग या भर घातलेल्या पाण्याची. दोन्ही आकड्यांत साधारण ०.२ चा फरक यायला हवा. ०.१५ ते ०.२५ आला तरी मी ती टेस्ट चांगली समजतो.

नुसत्या गोड्या पाण्यातल्या प्रमाणित द्रावणापेक्षा मला ही पद्धत जास्त पटते, कारण खाऱ्या पाण्यात, तुमच्याच पाण्यात, तुमच्याच हाताने टेस्ट बरोबर चालते का ते कळतं. फरक ०.०५ च आला तर रिएजंट, म्हणजे टेस्टची पावडर, मेलेलं आहे, आणि तुमच्या टँकच्या ०.०० ला काही किंमत नाही. द्रावणाच्या बाटल्यांवर नाव आणि तारीख लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, आणि हे खत टँकमध्ये अजिबात घालू नका. फॉस्फेट वाढवायची गरज पडलीच तर प्रयोगशाळेच्या शुद्धतेचाच क्षार वापरा.

८. टेस्ट बरोबर आहे, मग आकडा असा का?

*आकडा शून्य, तरी शेवाळ.* शेवाळ वाढतं ते फॉस्फेट खाऊन. टेस्ट सांगते ती पाण्यात उरलेली शिल्लक, आलेली आवक नव्हे. शिवाय ही टेस्ट फक्त विरघळलेलं अजैविक फॉस्फेट पकडते, अन्नाच्या कणांत अडकलेलं तिला दिसत नाही. शेवाळ हाताने उपटून बाहेर काढा, त्याच्याबरोबर फॉस्फेटही बाहेर जातं. इथे जीएफओ वाढवू नका. आधीच शून्यावर असलेल्या टँकमध्ये ते चालू ठेवलं की डायनोफ्लॅजेलेट्स नावाच्या सूक्ष्मजीवांना मैदान मोकळं मिळतं, आणि वाळूवरच्या त्या तपकिरी तारा बहुतेक वेळा त्यांच्याच असतात. ते काढणं केसाळ शेवाळापेक्षा कितीतरी अवघड.

*आकडा खरोखर जास्त.* आवक शोधा, स्वस्तापासून सुरुवात करून.

पाणी: घरातला पिण्याचा आरओ टँकसाठी चालत नाही. त्यातल्या बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी पुन्हा मिसळतात किंवा खनिजं घालतात. नळाच्या जोडीला टँकर किंवा बोअर असलेल्या सोसायटीत तर पाणी महिन्यागणिक बदलतं. आणि टीडीएस मीटरवर विसंबू नका. ०.१ पीपीएम फॉस्फेट त्याला दिसतच नाही. डीआय रेझिनचा रंग बदललेला असेल तर बदला आणि बाहेर येणाऱ्या पाण्याची फॉस्फेट टेस्ट करा.

मीठ आणि कोळसा: नवं खारं पाणी कालवून चोवीस तासांनी तपासा. ॲक्टिव्हेटेड कार्बनचा एक चमचा आरओ-डीआय पाण्यात रात्रभर भिजवून तेही तपासा. काही कोळसे स्वतःच फॉस्फेट सोडतात. समुद्राचं पाणी भरून आणणाऱ्यांनी खाडीच्या तोंडाजवळचं आणि पावसाळ्यातलं पाणी टाळावं. शहराचं सांडपाणी आणि नद्यांचा गाळ तिथेच येतो.

खाणं: गोठवलेल्या मायसिसचं (माशांना घालायच्या कोळंबीसारख्या बारीक जीवांचं) पाणी गाळून टाकण्यावर लोक फार भर देतात. टाका, पण त्याने फारसा फरक पडत नाही, कारण फॉस्फेट खाण्यातच असतं. कोरड्या खाद्यात १ टक्का फॉस्फरस धरला तर १ ग्रॅम खाद्यातून ३० मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फेट येतं. २०० लिटरमध्ये ते सगळं सुटलं तर ०.१५ पीपीएम होतं. वर लिहिलेल्या ६ मिलिग्रॅमशी हे ताडून बघा. म्हणून एकदा खाद्य काट्यावर तोलून बघा. चिमटीचा अंदाज फार फसवा असतो.

खडक आणि वाळू: जीएफओने उतरलेला आकडा आठवड्यात परत येतो त्याचं कारण बहुधा इथे सापडतं. खडक कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि फॉस्फेट त्याच्या पृष्ठभागाला धरून बसतं. पाण्यातलं कमी झालं की खडक आपल्याकडचं सोडतो, समतोल येईपर्यंत. खात्री करायची तर एक खडक बादलीत, ताज्या खाऱ्या पाण्यात, छोट्या पंपासह अंधारात ठेवा आणि आठवडाभर दर दोन दिवसांनी तपासा. आकडा चढत गेला तर साठा खडकातच आहे, आणि तो उतरायला महिने लागतील. असा टँक सावकाशच सुधारतो. जुन्या टँकमधून कोणी दिलेला खडक घेताना ही बादलीची टेस्ट आधी करा. समुद्रातून काढलेला खडक किंवा कोरल मात्र घेऊच नका. कडक प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

९. उतरवायचंच असेल तर

जीएफओ डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव भागाने सुरू करा. आरओ-डीआय पाण्यात लाल भुकटी निघून जाईपर्यंत धुवा. तीन-चार दिवसांनी टेस्ट करा, आणि क्षारता म्हणजे अल्कलिनिटीही बघत राहा, जीएफओमुळे तीही थोडी घसरते. ०.३ वरून ०.१ ला यायला एक-दीड महिना लागला तर लागू द्या. केटोमॉर्फाची रेफ्युजियम (फॉस्फेट शोषणारं शेवाळ वाढवायचा वेगळा कप्पा) आणि नीट लावलेला स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) हे मला त्याहूनही आवडतात, कारण त्यांच्याने आकडा एकदम कोसळत नाही.

कुठे थांबायचं

मासे धापा टाकत असतील, पृष्ठभागावर येत असतील, तर फॉस्फेटचा विचार सोडा. कारण अमोनिया, ऑक्सिजन किंवा तापमान यांपैकी काहीतरी असणार. हवा वाढवा, पाणी बदला आणि जाणत्या माणसाला लगेच बोलवा.

लँथॅनम क्लोराइड स्वतःच्या भरवशावर घालू नका. ते फॉस्फेट झपाट्याने काढतं, पण त्याचा बारीक गाळ ५ ते १० मायक्रॉनच्या सॉकमध्ये, म्हणजे गाळणीच्या पिशवीत, पकडावा लागतो. तो निसटला तर माशांच्या कल्ल्यांना धोका आहे, टँग जातीच्या माशांना विशेष. हे काम ज्याने प्रत्यक्ष केलंय त्याच्याकडूनच करून घ्या.

नवीन पुडी, स्वच्छ कुपी, नवी बॅटरी आणि तरीही भर घातलेल्या पाण्याची टेस्ट दोनदा चुकली, तर मीटर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या. उघडू नका. टेस्टची रसायनं आम्लधर्मी असतात. डोळ्यात उडाली तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि डॉक्टरकडे जा. टेस्ट झालेलं पाणी टँकमध्ये परत ओतायचं नाही.

प्रयोगशाळेत नमुना द्यायचा असेल तर आधी फोनवर तीन गोष्टी विचारा: खाऱ्या पाण्याचा नमुना घेता का, किमान किती पीपीएमपर्यंत मोजता, आणि आकडा ऑर्थोफॉस्फेटचा (आपली टेस्ट पकडते ते विरघळलेलं अजैविक फॉस्फेट) देणार की एकूण फॉस्फरसचा. पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेची किमान मर्यादा ०.१ पीपीएम असेल तर तिचा अहवाल आपल्याला काहीच सांगत नाही. परदेशी पाठवायच्या आयसीपी टेस्टमध्ये, म्हणजे पाण्यातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राच्या टेस्टमध्ये, एकूण फॉस्फरस मोजून त्याचं फॉस्फेट काढलेलं असतं, म्हणून तो आकडा घरच्या मीटरपेक्षा जास्त आला तरी दोन्ही बरोबर असू शकतात.

देखभालवाल्याला बोलावताना गेल्या चार-सहा आठवड्यांचे आकडे तारीख, वेळ, मीटरचं मॉडेल आणि पुड्यांच्या लॉट नंबरसह लिहून ठेवा. सोबत त्या दिवसांत टँकमध्ये काय काय घातलं तेही. नुसता फोटो पाठवला तर त्याला यातलं काहीच कळत नाही.